तात्या विंचूचा दुसरा जन्म आणि चाहत्यांचे निकाल

१/ या धाग्यांतून आपण एरवी किल्ले, शिलालेख आणि जुने कागद वाचतो. आजचे साधन निराळे आहे. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला २’ जून २०१३ मध्ये प्रदर्शित झाला. त्याविषयी चाहत्यांचा एक निकाल आजही जवळपास शब्दशः ऐकू येतो : ‘लक्ष्याशिवाय मजा नाही.’ हा निकाल खरा आहे का, आणि खरा असेल तर कशामुळे, हे आज पाहू.

२/ प्रथम पूर्वपीठिका. १९८८ साली अमेरिकेत ‘चाइल्ड्स प्ले’ हा भयपट आला. कथा डॉन मॅन्चिनी यांची, दिग्दर्शन टॉम हॉलंड यांचे. मरणाच्या दारातला एक खुनी वूडूच्या मंत्राने आपला आत्मा खेळण्यातल्या बाहुल्यात उतरवतो आणि तो बाहुला एका लहान मुलाच्या घरी पोहोचतो. त्या बाहुल्याचे नाव चकी. १९९० आणि १९९१ साली लगोलग दोन उत्तरभाग निघाले.

३/ १९९३ साली मराठीत ‘झपाटलेला’ आला. येथे खुनी तात्या विंचू, मंत्र मृत्युंजय, तो देणारा बाबा चमत्कार आणि बाहुला येतो तो लक्ष्या बोळकेच्या घरी. उसनवारी उघड आहे आणि ती लपवण्याचे कारणही नाही. तरीही ‘नक्कल’ हा एकच शब्द उच्चारून विषय संपवणे मला अपुरे वाटते.

४/ मी शिरगावचा. आमचा किल्ला पोर्तुगीज अमलातला. १७३९ साली वसईच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. तट कोणी उभारला हा इतिहासाचा एक प्रश्न झाला. त्या तटाच्या आत पुढे कोण आणि कसे नांदले, हा दुसरा. चित्रपटाच्या उसन्या चौकटीलाही हे दोन्ही प्रश्न विचारले पाहिजेत.

५/ मग चौकटीच्या आत काय बदलले? एक लहानसा तपशील पाहा. मूळ चित्रपटात चकीचा अंत हृदयावरच्या गोळीने होतो. तात्या विंचूला मारायचे तर गोळी दोन भुवयांच्या मधोमध लागली पाहिजे. योगशास्त्रात हे आज्ञाचक्राचे स्थान. आपल्याकडे गंध लावतात तेही तेथेच. मर्मस्थान बदलले आणि त्याबरोबर भयकथेचे शरीरशास्त्रही मराठी झाले.

६/ याहून मोठा बदल बाहुल्याच्या समोर उभ्या असलेल्या माणसात आहे. चकीच्या समोर सहा वर्षांचा अँडी आहे. तो लहान आहे म्हणून त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. तात्याच्या समोर मात्र मिसरूड फुटलेला, आईच्या धाकातला, भित्रा आणि गमत्या लक्ष्या आहे. त्याला शब्दभ्रमकार व्हायचे आहे. आता अशा माणसाच्या हातातला बाहुला बोलू लागला तर लोक काय म्हणतील? ‘वा, कला साधली!’ त्याचे कौशल्यच त्याच्या साक्षीवर पाणी फिरवते.

७/ शब्दभ्रमकार आणि त्याचा बाहुला यांच्या भीतीला जुनी परंपरा आहे. १९४५ च्या ‘डेड ऑफ नाइट’ या ब्रिटिश चित्रपटात मायकेल रेडग्रेव्ह यांनी असाच एक कलावंत रंगवला होता. बोलतो तो कोण, माणूस की बाहुला, हा तेथील पेच. ‘झपाटलेला’मध्ये तोच पेच हास्याच्या अंगाने आला. शिवाय लक्ष्मीकांत बेर्डे यांना ही कला खरोखरच अवगत होती.

८/ बाहुला घडवला आणि हलवला तो रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत पाध्ये हे शब्दभ्रमकार. त्यांचा ‘अर्धवटराव’ आज शंभरी ओलांडलेला बाहुला आहे. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससाही रामदास पाध्ये यांचाच. म्हणजे ज्या हाताने महाराष्ट्राच्या घराघरांत हसू पोहोचवले, त्याच हाताने तात्या विंचूही उभा केला.

९/ तात्याची भूमिका आणि आवाज दिलीप प्रभावळकर यांचा. दूरदर्शनवरचे चिमणराव ते आणि २००६ च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजीही तेच. चकीच्या बाबतीतही पडद्यावरचा खुनी आणि बाहुल्याचा आवाज एकाच नटाचा, ब्रॅड डोरिफ यांचा. बाहुला लाकडाचा असो वा रबराचा, आत नट लागतोच.

१०/ १६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे गेले. वय अवघे पन्नास. त्यानंतर नऊ वर्षांनी ‘झपाटलेला २’ आला. पहिला मराठी त्रिमितीय चित्रपट म्हणून त्याची नोंद होते. कोठारे यांना तंत्राची हौस जुनीच. १९९० चा त्यांचा ‘धडाकेबाज’ हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट मानला जातो. उत्तरभागात आदिनाथ कोठारे यांनी लक्ष्याच्या मुलाची, आदित्य बोळकेची भूमिका केली. प्रभावळकर परतले, पाध्ये यांचा बाहुला परतला, खुद्द महेश कोठारेही पोलिसाच्या वेशात परतले. परतला नाही तो एकच.

११/ त्या वर्षी एप्रिलमध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली होती. त्रिमितीय चित्रपट पाहायला आम्ही घरची सात माणसे रिक्षाने पालघर स्थानकात आणि तेथून लोकलने मुंबईकडे गेलो. पुढे काका होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या करणारा हा अबोल माणूस. पण आम्हा मुलांना निजवताना तात्याचा आवाज काढत असे. बेर्डे गेल्याची बातमी आली त्या रात्री ते जेवले नव्हते, एवढे मला लख्ख आठवते.

१२/ चित्रपट सुटला. धाकटी आतेबहीण थरारली होती. बाहुला तिच्या चष्म्यासमोर येऊन उभा राहिला होता. तिच्या लेखी तात्या विंचू तेथून सुरू झाला. आत्या म्हणाली, ‘पोरगा गुणी आहे, पण बापाची सर नाही.’ काका परतीच्या लोकलमध्ये खिडकीशी बसून राहिले. केळवे रोड गेल्यावर एवढेच बोलले, ‘कोणी घाबरलंच नाही रे.’ तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ लागला नव्हता. माझी आतेबहीण तर चांगलीच घाबरली होती!

१३/ काका प्रेक्षकांविषयी बोलतच नव्हते. पडद्यावर कोणी घाबरले नाही, असे त्यांना म्हणायचे होते. लक्ष्याच्या एकाच देहात भीती आणि हसू एकत्र नांदत होते. त्याची बोबडी वळे तेव्हा आपण हसत असू आणि हसता हसता बाहुल्याकडे चोरून पाहत असू. उत्तरभागाने ही दोन कामे वाटून दिली. हसवण्याचा मोठा वाटा मकरंद अनासपुरे यांच्याकडे गेला, झुंजण्याचा आदित्यकडे. नट दोघेही समर्थ. पण सांधा तुटला. घाबरणारा आणि हसवणारा वेगळे झाले की बाहुला एका बाजूला नुसता खलनायक उरतो आणि दुसऱ्या बाजूला नुसता विनोद.

१४/ म्हणून ‘लक्ष्याशिवाय मजा नाही’ हा निकाल मी खरा मानतो. त्याला निव्वळ स्मरणरंजन म्हणून झटकू नये. मात्र त्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत : एक समीक्षा आणि एक सुतक. बखर वाचताना आपण घटना आणि बखरकाराची भक्ती वेगळी करतो, तसेच येथेही करावे लागते. समीक्षा म्हणते, भीती आणि हसू यांचा सांधा तुटला. सुतक म्हणते, आपला माणूस गेला. पहिल्यावर लेखणीचा इलाज चालतो. दुसऱ्यावर चालत नाही.

१५/ परदेशातल्या चाहत्यांचा निकाल ताडून पाहा. २०२३ साली ‘मेगन’ ही यंत्रबाहुली गाजली. २०२५ च्या उत्तरभागात ती खलनायिकेची नायिका झाली आणि भयपटाचा मारधाडपट झाला. पुष्कळ चाहते हिरमुसले. तेथे बाहुली बदलली. आपल्याकडे बाहुला तोच राहिला आणि समोरचा माणूस बदलला. दोन्हीकडे तक्रार एकच निघते : भीतीचे नाते तुटले.

१६/ आता खरा वाद. तिसऱ्या भागाची चर्चा निघाली की आमच्या घरी दोन तट पडतात. आतेबहीण म्हणते, संगणकाच्या साहाय्याने लक्ष्याला पडद्यावर परत आणावे. हे तंत्र आज अशक्य राहिलेले नाही. १९९४ साली निवर्तलेले पीटर कुशिंग २०१६ च्या ‘रोग वन’मध्ये संगणकाच्या बळावर पुन्हा दिसलेच. तिची ओढ मला कळते. तिला लक्ष्या कधी चित्रपटगृहात भेटलाच नाही.

१७/ माझा मात्र विरोध आहे. गेलेल्याचा प्राण दुसऱ्याच देहात कोंबायचा, हे या कथेत कोणाचे काम आहे, ते आठवा. ते तात्या विंचूचे काम आहे. बेर्डे यांचा चेहरा परत आणता येईल. पण पुढच्या क्षणी हा माणूस घाबरेल की हसवेल, हे ठाऊक नसण्यातली गंमत परत येणार नाही. त्यापेक्षा भीती आणि हसू एकत्र पेलणारे नवे पात्र लिहावे. ते अवघड आहे, पण ते जिवंत नटाला करता येते.

१८/ काकांना हे सारे सांगितले. ते म्हणाले, ‘पोरीला जुना सिनेमा नीट मोठ्या पडद्यावर दाखवा आधी.’ गेल्या दिवाळीत आम्ही अंगणात पांढरी चादर ताणून तो दाखवला. लक्ष्याची बोबडी वळली तेव्हा तिने हसता हसता माझा दंड घट्ट धरला होता. तिचे मत अजून बदललेले नाही; वाद चालू आहे.

१९/ आपल्याला एक विनंती. खाली मत नोंदवताना तीन गोष्टी अवश्य लिहा : पहिला भाग कोणत्या वर्षी पाहिला, कोणत्या गावात पाहिला आणि कशावर पाहिला : चित्रपटगृह, व्हिडिओ, दूरचित्रवाणी की भ्रमणध्वनी. सोबत कोण होते तेही लिहिता आले तर उत्तम. तेवढ्याने मताचे साधन होते. पुढच्या धाग्यात पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्यांकडे वळू.