अट तेवढी काढून टाका

दहिवली, कर्जत

प्रिय विलास,

तुझी आणि आपल्या बॅचची देणगी पोचली. पावती ट्रस्टकडून येईलच, आभाराचं पत्र मात्र माझ्या गळ्यात पडलंय. ‘आपण दिलेल्या उदार देणगीबद्दल’ इथवर लिहिलं आणि पेन अडलं. सैद्धांतिक भौतिकशास्त्रावरच्या निबंधाला शाळेत बक्षीस ठेवावं, हे तुम्हा मंडळींना सुचलं याचं मनापासून कौतुक. पण शेवटी घातलेली ती अट, ‘निबंधातून प्रत्यक्ष उपयोग दिसला पाहिजे’, तिच्यावरून तुझ्याशी भांडायचंय.

तुझ्या बॉस्टनच्या उत्तरेला, न्यू हॅम्पशरमध्ये, न्यू बॉस्टन नावाचं गाव आहे बघ. रॉजर बॅबसन या पैसेवाल्या माणसाच्या ग्रॅव्हिटी रिसर्च फाउंडेशनचं बस्तान तिथेच होतं. संस्था १९४८ सालची. १९२९ ची शेअरबाजारातली पडझड आधी सांगितली म्हणून बॅबसनचं नाव झालेलं. लहानपणी त्याची बहीण नदीत बुडाली, आणि गडी चिडला कुणावर, तर गुरुत्वाकर्षणावर! आपल्या उल्हास नदीनेही माणसं नेलीत, पण त्यासाठी कुणी न्यूटनवर फिर्याद केल्याचं ऐकलं नाही. बॅबसनला गुरुत्वाकर्षण अडवणारा पडदा हवा होता. तो सापडावा म्हणून त्याने निबंधस्पर्धा काढली. पहिलं बक्षीस हजार डॉलर. शास्त्रज्ञ हसायचे.

१९५३ साली ब्राइस डिविट या तरुण शास्त्रज्ञाला घर घ्यायला पैसे कमी पडत होते. पठ्ठ्याने एका रात्रीत निबंध लिहून काढला. सांगितलं काय, तर पडद्याबिडद्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही, आधी गुरुत्वाकर्षण म्हणजे काय ते नीट समजून घ्या. ज्याचे पैसे, त्याचीच कल्पना मोडीत काढली, आणि पहिलं बक्षीस त्यालाच! बॅबसनच्या वेडापेक्षा मला हे मोठं वाटतं. पुढे बॅनसन नावाच्या एका उद्योगपतीने डिविट पतिपत्नींना नॉर्थ कॅरोलिनात संस्था उभारून दिली. १९५७ साली तिथे चॅपल हिलला परिषद भरली आणि गुरुत्वीय लहरी ऊर्जा वाहून नेतात, हे फाइनमनने तिथे ठासून मांडलं. त्या लहरी प्रत्यक्ष पकडल्या २०१५ मध्ये. आता त्यासाठीची भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथला व्हायची आहे.

बॅबसनची स्पर्धा आजही चालू आहे. १९७१ चं पहिलं बक्षीस हॉकिंगला, १९७७ चं अभय अष्टेकरांना. जन्म आपल्या शिरपूरचा, बरं का! २०१८ साली त्यांना अमेरिकन फिजिकल सोसायटीचं आइन्स्टाइन पारितोषिकही मिळालं. पुण्याच्या आयुकातले पद्मनाभन २००८ चे मानकरी. पडदा यातल्या कुणीच शोधला नाही.

म्हणून सांगतो, बॅचच्या ग्रुपवर विषय काढ. कृष्णविवराचा उपयोग काय, याचं उत्तर नववीतल्या पोरीकडे मागू नका. विषय तिचा, परीक्षक शास्त्राचे शिक्षक, पैसे आणि आभार तेवढे तुमचे. १५ ऑगस्टच्या आत कळव, म्हणजे अट न घालता सूचना फळ्यावर लावता येईल.

तुझा,
बाळू