काठावरची यादी

दगड. नदीच्या पात्रातला, मुठीएवढा किंवा त्याहून जरा मोठा, पाण्याने घासून गुळगुळीत झालेला. उचलायचा, हातात तोलायचा, फिरवून बघायचा. भेग दिसली किंवा ठिसूळ वाटला, की परत पाण्यात. भुसभुशीत दगडाच्या पोटात पाणी राहतं. विस्तवात त्याची वाफ होते आणि दगड फुटून कपच्या उडतात. चांगला दगड तापून लाल होतो, गार पाण्यात पडतो, तरी दुभंगत नाही. तो ओळखायचं ज्ञान असंच काठावर मिळतं: बाप उचलतो, पोरगा बघतो.

हे सान फेलिपे उसिला या गावचं. मेक्सिकोच्या दक्षिणेला ओआहाका नावाचं राज्य आहे. त्याच्या उत्तर अंगाला, डोंगर मेक्सिकोच्या आखाताकडे उतरतात त्या पावसाळी हिरव्या उतारांवर चिनांतेक लोक राहतात. त्या मुलखाला चिनांतला म्हणतात. उसिलाच्या नदीकाठी गावातले पुरुष तापलेल्या दगडांनी माशाचा रस्सा करतात. स्पॅनिशमध्ये त्याचं नाव काल्दो दे पिएद्रा, म्हणजे दगडाचा रस्सा. या रश्शाला काय काय लागतं, याची ही यादी. त्यातलं काही गेलं आहे, काही जाण्याच्या वाटेवर आहे, आणि काही अजून तिथेच आहे.

खड्डा. काठच्या वाळूत उकरलेला, किंवा खडकात पाण्यानेच कोरून ठेवलेला. आत रुंद पानं अंथरायची, कडा वर येतील अशी. झालं भांडं. जेवण झालं की पानं वाहून जातात, खड्डा पुढच्या पुरात बुजतो. घासायला, विसळायला, घरी न्यायला काही उरत नाही. इतकं कमी मागणारं भांडं मला दुसरं ठाऊक नाही.

हीकारा. खड्डा नसेल तेव्हा ही. आपल्या तुंब्यासारखी दिसते, पण तुंबा वेलीला लागतो आणि हीकाराचं झाड असतं. हिरवी गोल फळं थेट खोडाला आणि जाड फांद्यांना चिकटलेली. फळ मधोमध कापायचं, गर कोरून काढायचा, कवच वाळवायचं. एका फळाचे दोन वाडगे. पाणी प्यायला, कोकोचं पेय घोटायला, नदीवर अंघोळीला, सगळीकडे हीच. आता बाजारात प्लास्टिकचे वाडगे स्वस्त मिळतात आणि ते फुटत नाहीत. हीकारा त्यांच्याशी किमतीत जिंकणार नाही. पण लालबुंद दगड प्लास्टिकच्या वाडग्यात सोडता येत नाही, म्हणून या रश्शापुरती तरी ती हातात राहिली आहे.

आग. लाकूड भरपूर, दगड निखाऱ्यांत पुरलेले, तास-दोन तास. तोवर पुरुषांचा एक गट पाण्यात उतरतो.

मासा आणि कोळंबी. नदीतून आत्ता काढलेले. साफ करून कच्चेच खड्ड्यात किंवा हीकारात. वर टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, एपाझोतेची पानं, मीठ, आणि नदीचं गार पाणी. तेलाचा थेंब नाही, फोडणी नाही. एपाझोते ही उग्र वासाची पालेभाजी. पहिल्यांदा नाकाशी धरणारा तोंड फिरवील, पण मेक्सिकोच्या घराघरात ती लागते.

इथे जरा थांबावंसं वाटतं. टोमॅटो तिकडचा, मिरची तिकडची. दोन्ही मेक्सिकोकडून जहाजांत बसून जगभर गेली, आणि पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या धक्क्यावर उतरलेली मिरची आज आपल्या चटणीची मालकीण आहे. कोथिंबीर आणि कांदा मात्र आपल्या बाजूच्या जगातले, स्पॅनिश लोकांनी तिकडे नेलेले. म्हणजे आपल्या रश्शातलं झणझणीत त्यांचं, आणि त्यांच्या रश्शावर वरून पसरलेलं हिरवं आपलं. हजारो वर्षं जुनी म्हणून सांगितली जाणारी ही रीतही नव्याला घरात घेत आली आहे. मला त्यामुळे ती खोटी वाटत नाही, उलट जिवंत वाटते.

आता तो क्षण. लाकडी चिमट्याने दगड निखाऱ्यांतून उचलला जातो, राख झटकली जाते, आणि तो अलगद पाण्यात सोडला जातो. अलगद, कारण टाकला तर हीकारा फुटेल. पाणी एकदम किंचाळतं. मघाशी जे गार, निपचित पडलं होतं ते डोळ्यांदेखत खदखदतं, वाफेचा लोट चेहऱ्यावर येतो, कोळंबी करडी होती ती गुलाबी होते, माशाचं मांस काचेसारखं होतं ते पांढरं पडतं. उकळी मंदावली की तो दगड काढून दुसरा. हवा तर तिसरा. तीन-चार मिनिटांत रस्सा तयार. मासा जेमतेम शिजलेला, टोमॅटोची कच्ची आंबटाई शिल्लक, आणि मागे धुराची, खडकाची किंचित चव. इतक्या थोड्या वेळात शिजतं म्हणूनच कोथिंबिरीचा रंग हिरवा राहतो.

हिशेब मांडून पाहिला. एक लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीला न्यायला सुमारे 314 किलोज्यूल उष्णता लागते. एक किलोचा दगड 500 अंशांवरून 100 अंशांवर उतरला तर साधारण 320 ते 335 किलोज्यूल सोडतो. म्हणजे किलोला लिटर, जवळजवळ काट्यावर. पण मासाही तापायचा असतो, काही उष्णता वाफेबरोबर जाते, म्हणून दुसरा दगड. उसिलाच्या पुरुषांनी हे गणित कागदावर मांडलेलं नाही. त्यांचा हात दगड तोलतो तेव्हा ते मांडूनच होतं.

यातली खरी करामत अशी की आग भांड्याच्या खाली नाही, आत आहे. त्यामुळे भांडं जळण्याची भीती नाही, आणि भांडं कशाचंही चालतं: कवच, कातडं, लाकूड, पान, अगदी टोपलीसुद्धा. मातीचं मडकं नसतानाही माणूस उकळून खात होता तो असा. भांडी कुजून गेली. उत्खननात सापडतात ते तडकलेल्या, काळवंडलेल्या दगडांचे ढीग.

नातलग. कॅलिफोर्नियातले पोमो लोक पाणी गळणार नाही इतकी घट्ट टोपली विणत आणि तिच्यात तापले दगड फिरवून ओकच्या फळांची लापशी शिजवत. उत्तर अमेरिकेच्या माळरानांवरच्या एका जमातीला शेजाऱ्यांनी नावच असिनिबॉइन दिलं, दगडांनी शिजवणारे म्हणून. व्यापाऱ्यांच्या लोखंडी हंड्या आल्या आणि नाव तेवढं राहिलं. बास्क मेंढपाळ काइकू नावाच्या तिरक्या लाकडी भांड्यात दगडाने दूध तापवत. दही घट्ट लागलं की त्याला करपट वास असे. आज तो वास हवा असतो, म्हणून काही जण दूध मुद्दाम करपवतात. बोलिव्हियातल्या पोतोसीत मक्याच्या दाट सुपात ज्वालामुखीचा तापला दगड सोडून वाडगं पुढ्यात ठेवतात. जपानच्या ओगा द्वीपकल्पात लाकडी बादलीत माशांवर दगड पडतो. मंगोलियात मांस शिजवलेले तेलकट गरम दगड जेवणाआधी हातातून हातात फिरवतात. जगभर एवढे नातलग विखुरले आहेत, आणि बहुतेकांची आजची ओळख सणापुरती किंवा पाहुण्यांपुरती.

नदी. हिच्यावर थांबायला हवं, कारण बाकी सगळं हिच्यावर उभं आहे.

उसिलाचं पाणी सांतो दोमिंगो नदीला मिळतं, आणि ती पुढे पापालोआपान होते. पापालोआपान म्हणजे फुलपाखरांची नदी. 1944 साली तिला मोठा पूर आला, तुश्तेपेक शहराची वाताहत झाली. 1947 मध्ये सरकारने खोऱ्यासाठी आयोग नेमला. पूर आवरायचे, वीज काढायची, ऊस पिकवायचा. 1955 मध्ये तोंतो नदीवरचं मिगेल आलेमान धरण पुरं झालं आणि मासातेक या शेजारच्या लोकांतली सुमारे 20 हजार माणसं उठली. मग दुसरं धरण, सांतो दोमिंगोवरचं सेरो दे ओरो, म्हणजे सोन्याचा डोंगर. ते 1989 मध्ये पुरं झालं. या वेळी चिनांतेकांची पाळी. ओजित्लान आणि आसपासच्या हजारो कुटुंबांना शेजारच्या वेराक्रूस राज्यात उश्पानापाच्या जंगलात नेऊन वसवलं, जंगल तोडून. पुराची भीती खरी होती, हे मी नाकारत नाही. पण पूर शहरातला आणि बुडाली ती डोंगरातली गावं, हेही तितकंच खरं आहे.

1970 च्या दशकात, धरणाची बोलणी चालू असताना, ओजित्लानच्या एका शेतकऱ्याला गुहेत देव दिसला. त्याचं नाव 'इंजिनियर महान देव'. धरण बांधू नका असं सांगायला तो आला होता. लोक त्या गुहेकडे लोटले. आलिसिया बाराबास आणि मिगेल बार्तोलोमे या मानववंशशास्त्रज्ञांनी हे नोंदवून ठेवलं आहे. ही नोंद वाचून मी बराच वेळ गप्प होतो. सरकारकडून येणारे सगळे इंजिनियर नदी अडवायला सांगतात, तेव्हा नदी सोडा असं सांगायला माणसांनी देवालाच इंजिनियर केलं.

बोबो. डोंगरी नद्यांतला मासा, जोरदार धारेत, दगडांना लागून राहणारा. मांस गोड. पापालोआपानच्या खोऱ्यात याला मोठी किंमत. पण बोबो सगळं आयुष्य डोंगरात काढत नाही. अंडी घालायला तो खाली, खाडीच्या मचूळ पाण्याकडे जातो, आणि पिल्लं धारेविरुद्ध वर चढतात. मोठ्या नदी-कोळंबीचंही तसंच: तिची सूक्ष्म पिल्लं मचूळ पाण्याशिवाय वाढत नाहीत. उसिला धरणाच्या वर आहे. खाडी धरणाच्या खाली. मध्ये भिंत. तलावात सोडलेले दुसरे मासे आहेत, रस्सा त्यांचाही होतो, लोक करतात आणि चवीने खातात. पण ज्याच्यासाठी पुरुष जोरदार धारेत उतरत, त्याची वर यायची वाट बंद आहे.

पुरुष. हा रस्सा पुरुषांनी करायचा, अशी रीत आहे. रोजचा स्वयंपाक बायकांचा. कमरेला बांधायच्या मागावर तीन पट्ट्यांचे हुइपील, म्हणजे बायकांचे सैल अंगरखे, विणायचे तेही बायकांनी, महिनोन्‌महिने. म्हणून त्या दिवशी पुरुष दगड वेचतात, मासे धरतात, आग करतात, शिजवतात. बायकांना, म्हाताऱ्यांना आणि मुलांना मान द्यायचा तो असा. आता तरुण माणूस कामाला ओआहाका शहरात, देशाच्या राजधानीत किंवा सीमेपलीकडे अमेरिकेत असतो. काठावर जायला एक दिवस, चार माणसं आणि पाण्यात उतरायची सवय लागते. या तिन्हींची जुळणी वर्षागणिक अवघड होत जाते.

शीळ. रश्शाला ही लागत नाही, पण तीही जाण्याच्या वाटेवर आहे. चिनांतेक भाषा सुरांवर चालते. शब्द तोच, सूर बदलला की अर्थ बदलतो. सूर आहेत म्हणून शब्द काढून नुसता सूर शिळेवर घेता येतो. सोचियापाम गावचे पुरुष या डोंगरावरून त्या डोंगरावर शिळेने बोलत: कुठे आहेस, कधी येतोस, पावसाचं काय. बायकांना कळे, पण त्या स्वतः शीळ घालत नसत. वॉकीटॉकी आले, मग मोबाइल. आता शिळेने बोलणारे बहुतेक वयस्क.

रस्त्याकडेचं रेस्टॉरंट. ओआहाका शहरातून तुलेच्या प्रचंड झाडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उसिलाच्या एका कुटुंबाने या रश्शाचं रेस्टॉरंट थाटलं. हीकारात कोळंबी, वर दगड, टेबलावर वाफ. नदीकाठ सोडून हे केलं म्हणून कुणी नाक मुरडेल. मी मुरडत नाही. त्यांच्यामुळे हजारो लोकांना उसिला हे नाव कळलं, आणि दगड ओळखणारे हात रोज कामात राहिले. हे मोठं काम आहे. मात्र तिथे नदी नाही, आणि ती नेता येण्यासारखी नव्हती.

सूर. यादीतली ही शेवटची नोंद. उसिलाच्या चिनांतेकमध्ये सुरांच्या पाच पातळ्या आहेत. जगात इतक्या पातळ्या वेगळ्या राखणाऱ्या भाषा अगदी मोजक्या. चिनांतेक बोलणारे सव्वा लाखाहून अधिक आहेत, पण एका दरीची बोली दुसऱ्या दरीला कळेलच असं नाही, त्यामुळे प्रत्येक बोलीच्या वाट्याला माणसं थोडी. नदी उतरली की कुठला दगड वर येतो, कुठल्या धारेत कुठला मासा, कुठलं पान आत अंथरायचं, या सगळ्याची नावं त्या पाच सुरांत आहेत. देवनागरीत ती लिहायला माझ्याकडे खुणा नाहीत.

हीकारा, एपाझोते, पापालोआपान, सोचियापाम हे शब्द नाहुआत्ल भाषेतून आले, म्हणजे आस्तेक साम्राज्याच्या. टोमॅटोही तिचाच. काल्दो, बोबो, सेरो दे ओरो स्पॅनिश. उसिला हे गावाचं नाव आणि चिनांतेक हे लोकांचं नावसुद्धा नाहुआत्लच, दुसऱ्यांनी दिलेलं. या सबंध यादीत चिनांतेक शब्द एकही आलेला नाही.