पावतीच्या पाठीवरचा हिशेब

आमच्या सोप्यात खुंटीला एक जाड तार अडकवलेली असायची. खालचं टोक वाकडं, वरचं अणकुचीदार. उसाची वजनाची पावती आली, कारखान्याचं बिल आलं, सोसायटीची नोटीस आली, की अण्णा ती त्या तारेत टोचायचे. तार भरली की माळ्यावर आणि खुंटीला नवी तार. परवा जुनं घर उतरवताना अशा अकरा तारा निघाल्या. छापील बाजू गंजानं खाल्लीय, पण पाठीवर पेन्सिलीनं केलेले हिशेब अजून वाचता येतात. अक्षरं तिघांची. अण्णांचं लपेटीचं, तात्यांचं गिचमिड, आणि मधूनच एखादा आकडा खोडून त्याखाली लिहिलेलं धाकट्या काकूंचं बाळबोध.

आम्ही नऊ चुलत भावंडं त्या पावत्या घेऊन बसलो आणि दुपारचं जेवण चार वाजता झालं.

गाव कृष्णाकाठचं, कराड आणि इस्लामपूरच्या मधलं. आबा, म्हणजे आमचे आजोबा, जन्मानं सातारा जिल्ह्यातले; अण्णा, नाना आणि तात्या ही त्यांची मुलं. 1949 साली जिल्हा फुटला, म्हणून अण्णांची पुढची शाळा दक्षिण साताऱ्यात झाली. 1960 साली त्याचंच सांगली झालं, म्हणून तात्यांची सांगलीत. घर काही जागचं हललं नव्हतं. घरातली मतं मात्र एका चुलीवर शिजत असून चार दिशांना तोंड करून बसलेली.

आबा 1943 नंतरच्या प्रतिसरकारात तुफान सेनेबरोबर फिरलेले. लोकांच्या तोंडी ते ‘पत्री सरकार’. आबांना तो शब्द आवडत नसे. “नुसतं ठोकाठोकी करत हुतो व्हय आमी?” असं विचारून ते न्यायदान मंडळांवर यायचे, मग कमी खर्चातल्या गांधी-लग्नांवर, मग 1957 साली नाना पाटील कम्युनिस्ट म्हणून उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर कसे गेले त्यावर. त्यांची वकिली दाखल्याची. आकडा नाही, सिद्धांत नाही. “कुंडलला काय झालं, ते सांगतो,” म्हणाले की समोरच्यानं हत्यार खाली ठेवायचं, कारण कुंडलला आपण नव्हतो.

अण्णा सहकाराचे. कारखान्याच्या शेती खात्यात स्लिपबॉय म्हणून लागले आणि तिथंच केस पांढरे केले. वसंतदादांचं नाव निघालं की मांडी सावरून बसायचे. त्यांची वकिली बोट दाखवायची. हायस्कूल कुणामुळं? पाणीपुरवठा संस्था कुणामुळं? माळावरच्या खडकाला पाणी लागलं ते कुणामुळं? आणि शेवटी, दिवाळीला घरात येणारं सभासदाचं साखरेचं पोतं कुणामुळं? त्या पोत्यावर बसूनच हा प्रश्न ते विचारत, त्यामुळं उत्तर देणं अवघड जाई.

परक्या माणसाची आमच्याकडं तारांबळ उडायची. दादा, बापू, अण्णा ही आमच्या भागात घरोघरची नावं, फरक इतकाच की काहींचे पुतळे झाले. ‘दादा’ म्हणजे वसंतदादा. ‘बापू’ म्हणजे बहुतेक राजारामबापू, पण विषय कुंडलचा असेल तर जी. डी. बापू. ‘अण्णा’ म्हणजे वाळव्याचे नागनाथअण्णा, आणि आमच्यांना म्हणून ‘आपलं अण्णा’. वारणेचं धरण खुजगावला की चांदोलीला, हा दादा आणि बापूंमधला वाद आमच्याकडं इतका रंगायचा, की पाहुण्याला ही घरातली भाऊबंदकीच वाटावी. धरण चांदोलीला झालं, त्याच्या पाण्याला वसंतसागर नाव मिळालं, तरी मामा आले की खुजगाव पुन्हा निघायचं. मामा कासेगावकडचे, बापूंच्या गावचे.

तात्या सगळ्यांत धाकटे आणि सगळ्यांत कडवे. 1981 साली निपाणीच्या तंबाखू आंदोलनात जाऊन बसले आणि येताना शर्टावर लाल बिल्ला लावून आले. त्या दिवसापासून शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं नाव ‘साहेब’ झालं. साहेब स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला आले, हे तात्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं, की आम्हाला वाटे तेही विमानातून बरोबर उतरले होते. साहेबांचा जन्म साताऱ्याचा, 1935 सालचा, हेही ते मुद्दाम सांगत. घरात सातारकराला जरा वजन होतं.

आबा सत्यशोधकी वळणाचे. एकदा म्हणाले, “साताऱ्याचा बामन, आनि शेतकऱ्याचा पुढारी?”

तात्या म्हणाले, “आबा, जात बगायची का हिशेब बगायचा? तुमीच शिकवलंय.”

आबांनी तंबाखूची चंची उघडली आणि बराच वेळ चुन्याची डबी शोधली. डबी मांडीवरच होती.

तात्यांचा हिशेब म्हणजे बिलाची पाठ. पुढच्या बाजूला कारखान्यानं छापलेलं: वजन, दर, एकूण रक्कम, मग कपाती. सोसायटी, पाणीपट्टी, परतीची ठेव, बिनपरतीची ठेव, हा निधी, तो निधी. तळाला हाती पडणारी रक्कम, बहुधा पहिल्या रकमेकडं बघून लाजणारी. पाठीवर तात्या लिहायचे: नांगरट, सरी, बेणं, लावण, शेणखत, लागवड (आमच्याकडं रासायनिक खताला लागवड म्हणतात), भांगलण, पाणी, बांधणी. बेरीज करून पावती उलटी धरायचे. “ह्या अंगाचा आकडा त्या अंगापेक्षा मोठा हाय. मंजी आपन कारखान्याला उस इकत न्हाई, दान करतोय.”

त्यांचं दुसरं दुखणं झोनबंदी. आपल्या शिवारातला ऊस ठरलेल्या कारखान्यालाच घालायचा, पलीकडचा शंभर रुपये जास्त देत असला तरी. अण्णा म्हणत, झोन नसेल तर कारखाना चालायचा कसा, आज याला ऊस, उद्या त्याला. तात्या म्हणत, “पोरगी दिल्यागत बोलायलाय तुमी. उस हाय त्यो.” आणि चिडले की हरिपूरच्या हळदीच्या पेवांचा दाखला. पेव उघडल्या उघडल्या आत कुणी उतरत नाही. आतली हवा जीव घेते, आधी तोंड मोकळं ठेवावं लागतं. “तुमच्या सहकाराचं पेव हाय ते. जरा उघडं ऱ्हाऊ द्या, मग आमी उतरतो.” अण्णांना हे लागायचं. तीस वर्षं ज्या संस्थेत घातली तिला कुणी कोंदट म्हटलं तर कुणाला लागणार नाही? पण पुढच्या हंगामात उभ्या उसाला टोळी लवकर मिळावी म्हणून तात्या रात्री अण्णांच्याच बाजेशी घुटमळत, आणि अण्णाही सकाळी चिटबॉयकडं सायकल काढत.

नाना या दोघांच्या मधले. त्यांची गिरणी 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या संपात बंद पडली ती पडलीच. पुढच्या वर्षी एक पत्र्याची ट्रंक घेऊन ते लालबागहून गावी आले. बोलायचे कमी, आणि तेही प्रश्नात. तात्या दराचं सांगत होते तेव्हा नानांनी विचारलं, “आनि ज्याला जमीनच न्हाई, त्येनं कशाला दर मागायचा?” अण्णा पाण्याचं सांगत होते तेव्हा म्हणाले, “पानी एकराला असतंय का मानसाला?” खानापूर तालुक्यात येरळेवर बळवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी नदीतली वाळू विकून स्वतःचा बळीराजा बंधारा घातला, आणि पाणी भूमिहीनाच्या वाट्यालाही धरलं. नाना तिथं मातीची पाटी उचलून आले होते. पुढं आटपाडीच्या पाणी परिषदांना नागनाथअण्णांचं भाषण ऐकायला जायचे. माझ्या मते घरातला सगळ्यांत मोठा प्रश्न नानांचा होता. तो कुणी खोडला नाही, कुणी उचललाही नाही. जमीनवाल्यांच्या घरात त्याला जागाच नव्हती.

मग डंकेल आलं. आम्हा पोरांना ते डासासारखं काहीतरी वाटायचं. डंकेल हे गॅटच्या स्विस प्रमुखाचं आडनाव, आणि त्यांनी 1991 साली जागतिक व्यापाराचा मसुदा मांडला होता, हे कळायला दहावी उजाडली. तोपर्यंत घरात दोन तट. एन. डी. पाटील ढवळीचे, म्हणजे वाळवा तालुक्यातलेच, आयुष्यभर शेतकरी कामगार पक्षाचे. ते सभांमधून डंकेलविरुद्ध तुटून पडत. शरद जोशी त्याच मसुद्याच्या बाजूनं उभे: सरकारनं शेतमालाचा रस्ता अडवू नये, बाजार खुला करावा. एकाच जुन्या सातारा जिल्ह्याच्या मातीतली दोन माणसं, आणि दोघंही शेतकऱ्याच्याच नावानं बोलणारी. आबा आणि अण्णा जन्मात पहिल्यांदा एका बाजूला आले. अण्णा म्हणाले, “दार उघडलं की मांजारबी आत येतंय.” तात्या म्हणाले, “दार लावलंय म्हनूनच आत उंदरं झाल्यात.”

1995 साली जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. त्याच वर्षी हळदीनं जखम भरते या शोधाला अमेरिकेत पेटंट मिळालं. बातमी गावात पोचली तेव्हा आमच्या परड्यात हळद शिजत होती. सांगली ही हळदीची पेठ, त्यामुळं अख्ख्या पट्ट्याला ते स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं वाटलं. आज्जीनं पेटंट म्हणजे काय ते दोनदा विचारून घेतलं. मग आठवडाभर जाता-येता कुणाच्या बोटाला विळा लागला, की हळद दाबता दाबता म्हणायची, “इचारलंस का अमेरिकेला?”

अण्णांचा खटला घरबसल्या जिंकला गेला होता. पण सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं त्या पेटंटला आव्हान दिलं. तेव्हा तिथं माशेलकर प्रमुख होते. जुन्या ग्रंथांतले दाखले पुढं केले आणि ऑगस्ट 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. अण्णा पेपर घेऊन आले. “बगा, दरोडाच हुता त्यो. अमेरिकेनंच कबूल केलं.” तात्यांनी तोच पेपर उलटा धरला. “दरोडा पडला खरा. पन कागद दावला आनि माल परत आला. तुमच्या काट्यावर मारलेलं वजन कवा परत आलंय का?” खरं तर ते पेटंट अमेरिकेच्या स्वतःच्या कायद्यातलं, डंकेलशी त्याचा थेट संबंध नव्हता. हे घरात कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर चहाच्या वेळी इतकी मजा आली नसती.

आता काकूंचं. ते खरं तर आधी यायला हवं होतं, पण आमच्याकडं काकूंचं सगळं जेवणं झाल्यावरच यायचं.

नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. तात्यांनी काकूंना नेलं. ट्रकमधून, दोन दिवसांच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून. काकू चौथी शिकलेल्या. तिथं काय ऐकलं ते त्यांनी लगेच काही सांगितलं नाही. पण पुढच्या बिलाच्या पाठीवर तात्यांनी बेरीज मारली आणि पावती तारेला टोचायला उठले, तेव्हा काकू चुलीपुढून म्हणाल्या, “थांबा जरा. ह्यात माजं कुठं हाय?”

“तुजं काय?”

“भांगलणीच्या बायांची मजुरी धरलीसा. त्यांच्या संगट मी हुते. बेनं तोडाय मी हुते. गड्यांची न्ह्यारी कुनी नेली? वैरन कुनी आनली? शेनखताचं पैसं धरलंसा, शेन कुनी काडलं?”

साहेबांचं म्हणणंच होतं की घरच्या माणसांची मजुरी उत्पादन खर्चात धरली पाहिजे. तात्या ते सभेत पाठ म्हणायचे. त्या रात्री काकूंनी पेन्सिल घेतली, बेरीज खोडली आणि खाली स्वतःचे दिवस मांडले. ती पावती आम्हाला सापडली. ‘मी’ एवढंच लिहून पुढं दिवस, त्यापुढं बाईच्या रोजाचा दर. सहाव्या तारेपासून ‘मी’ प्रत्येक बिलाच्या पाठीवर आहे. अण्णा त्यावर इतके खूश झाले, की तात्यांनी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

नव्वदच्या सुमारास संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली: बायकोच्या नावावर थोडी तरी जमीन करा. शंभर घरांनी केलं तर साहेब स्वतः गावात येतात, असं तात्या सांगत गावोगाव फिरत होते. काकू एवढंच म्हणाल्या, “आदी आपला उतारा आना.” अडचण अशी, की जमीन वाटून झालेली नव्हती. सातबाऱ्यावर एकत्र कुटुंबाचे कर्ते म्हणून अण्णांचं नाव. म्हणजे ज्या माणसाशी दहा वर्षं भांडले त्याच्याच पुढं तात्यांना उभं राहावं लागणार होतं. आठ दिवस ते उभे राहिले नाहीत. नवव्या दिवशी अण्णांनीच ताट पुढं ओढत विचारलं, “किती गुंठं म्हंतूस?” आणि तात्या उत्तर जुळवत असताना आबांकडं बघून, “वीस लिव्हूया का? मळीतलं. चांगलं रान हाय.” तलाठ्याकडं अण्णाच गेले. तिथं किती हेलपाटे मारले ते सांगितलं नाही, पण त्या महिन्यात त्यांची चप्पल बदलली.

वीस गुंठे नावावर आले, त्यात ऊस उभा होता, म्हणून काकू कारखान्याच्या सभासद झाल्या. शेअरचे पैसे त्यांनी शेळी विकून भरले. तात्यांना हे आवडलं की नाही, ते आम्हाला कधी नीट कळलं नाही. ज्या संस्थेच्या दारात ते घोषणा देत आले, तिच्या भागधारकाचं जेवण ते रोज जेवत होते.

पहिल्या वार्षिक सभेला तात्यांनी काकूंना मोटारसायकलवरून सोडलं आणि स्वतः फाटकाबाहेर चिंचेखाली बसले. आत मंडप, भोंगा, मंचावरून विषय क्रमांक वाचायचा आणि खालून “मंजूर, मंजूर” असा गजर. दोन तासांनी काकू अहवालाचं पुस्तक काखेत आणि पदर डोक्यावर घेऊन बाहेर आल्या.

“काय झालं?” तात्यांनी गाडीला किक मारता मारता विचारलं.

“ठेवीच्या विषयाला मी नामंजूर म्हनलं.”

“मग?”

“कुनाला ऐकू गेलं न्हाई.” काकू मागं बसल्या. “पुढच्या साली पुढं बसते. चला, गुरं धारंला थांबल्याती.”