सालीचं कापड

बालमित्रांनो, राम, सीता आणि लक्ष्मण वल्कलं नेसून वनवासाला गेले, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. वल्कल म्हणजे झाडाच्या सालीचं वस्त्र. कंधार तालुक्यातल्या आमच्या शाळेत चौथीला ही गोष्ट सांगत होतो. एका मुलीनं विचारलं, "गुर्जी, साल अंगाला टोचत नसंल का?" मी घाईत बोलून गेलो, "अगं, गोष्टीतलं असतं ते. सालीचं कुठं कापड होतं का?"

मागच्या बाकावरून एक मुलगा हळूच म्हणाला, "सालीचा दोर तर होतो की गुर्जी. माझे वडील वळतात." सगळा वर्ग फिदीफिदी हसला. तो मान खाली घालून बसला. आणि मी? मी हसणाऱ्यांना थांबवलं नाही.

घरी येऊन पुस्तकं काढली, तर काय! पॅसिफिक महासागरातल्या टोंगा, सामोआ, फिजी या बेटांवर सालीचं कापड खरोखर करतात. त्याला जगभर 'टापा' म्हणतात. कागदी तुतीची कोवळी झाडं तोडून साल सोलायची. वरचं खरबरीत साल खरवडून टाकायचं आणि आतली पांढरी साल भिजवायची. मग ती लाकडी ओंडक्यावर ठेवून चौकोनी थापीनं बडवायची. थापीच्या खाचांच्या बाजूनं बडवलं की साल पसरते, गुळगुळीत बाजूनं बडवलं की सारखी होते. चार बोटांची पट्टी पाहता पाहता हातभर रुंद होते! अशा पट्ट्या जोडून, रंगवून मोठं कापड होतं. टोंगामध्ये बायका हे काम एकत्र बसून करतात. लग्नात आणि मयतीला हे कापड मानानं देतात.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या वडिलांना मी वर्गात बोलावलं. ते अंबाडीची पेंढी घेऊन आले. त्यांनी सांगितलं, "अंबाडी पंधरा-वीस दिवस पाण्यात दाबून ठेवायची. लवकर काढली तर साल सुटत नाही, उशीर झाला तर वाख सडतो. पाण्यात हात घालून ओळखावं लागतं."

मग त्यांनी सोललेली साल धुऊन वाख काढला आणि बोलता बोलता दोर वळला. दोन मुलांनी दोन्हीकडून ओढला, तुटला नाही. मी मुलांना म्हणालो, "तिकडं साल बडवून कापड करतात, इकडं वळून दोर करतात. झाडाची आतली साल तीच. काल चुकलो ते मी." या वेळी कोणी हसलं नाही. तो मुलगा मात्र हसत होता.

नायलॉनचे दोर आल्यापासून त्यांचं काम कमी झालंय. म्हणून मुलांनो, यंदा पोळ्याला कुणाच्या बैलाला वाखाचा कासरा दिसला, तर जरा हात लावून बघा. आणि तो कुणी वळला, हे विचारायला विसरू नका बरं का!