लँथॅनमचा साका

लँथॅनम नायट्रेटच्या रंगहीन द्रावणात डायसोडियम फॉस्फेटचे तितकेच नितळ द्रावण सोडले, की पहिल्या थेंबालाच दुधी ढग उठतो आणि थोड्या वेळाने पांढरा, चिकट साका तळाशी बसतो. हा लँथॅनम फॉस्फेट. सेरियम, निओडिमियम, यिट्रियम अशा इतर दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे फॉस्फेटही असेच अविद्राव्य असतात. धातूच्या आयनावर तीन धनभार, फॉस्फेटवर तीन ऋणभार; जोडी एकास एक जुळते आणि पाण्याला ती सोडवता येत नाही. लँथॅनम फॉस्फेटचा द्राव्यता गुणाकार 10⁻²⁵ च्या आसपास आहे.

प्रस्तुत लेखक बारामतीत रसायनशास्त्र शिकवतो. वर्गात हा साका आणि कॅल्शियम फॉस्फेटचा साका शेजारी ठेवून दोन्हींत व्हिनेगर घातले जाते. कॅल्शियमचा साका विरून जातो, लँथॅनमचा हलत नाही. या भागातील मुलांना पहिली गोष्ट घरूनच ठाऊक असते: चुनखडीच्या काळ्या रानात उसाला घातलेले स्फुरद जमिनीत अडकून बसते आणि ते मोकळे करायला पीएसबी जिवाणू सोडावे लागतात, कारण त्या जिवाणूंची आम्ले कॅल्शियम फॉस्फेट विरघळवतात. ताजा लँथॅनम फॉस्फेट गाळणे मात्र जिकिरीचे. कण इतके बारीक असतात की गाळणकागद तुंबतो. काही तास गरम ठेवल्यावर साका दाणेदार होतो.

या ताज्या साक्याच्या स्फटिकांत पाणी असते. त्या रूपाला ऱ्हॅब्डोफेन म्हणतात. तो खूप तापवला की पाणी जाऊन मोनाझाइटची रचना तयार होते, आणि ती पुन्हा मागे फिरत नाही. लँथॅनमपासून गॅडोलिनियमपर्यंतची मोठ्या आयनांची मूलद्रव्ये मोनाझाइट बनवतात. टर्बियमपासून पुढची आणि यिट्रियम झेनोटाइम नावाच्या वेगळ्या रचनेत बसतात. मोनाझाइट 2,000 अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते. थोरियम आणि युरेनियम पोटात घेऊनही ते कोट्यवधी वर्षे टिकते, म्हणून खडकांचे वय काढायला ते वापरतात आणि अणुकचरा कोंडून ठेवण्यासाठी त्याच्यासारख्या मृत्तिकाद्रव्यांचा अभ्यास होतो.

भारतात मोनाझाइट केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत सापडते. मुंबईत मुख्यालय असलेली इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी 1950 साली स्थापन झाली आणि 1952 मध्ये केरळातील आलुवा येथे मोनाझाइट फोडणारा कारखाना सुरू झाला. पाण्याला न जुमानणारे हे खनिज तीव्र, गरम कॉस्टिक सोड्यापुढे नमते: धातू हायड्रॉक्साइड होऊन मागे राहतात आणि फॉस्फेट ट्रायसोडियम फॉस्फेटच्या रूपाने पाण्यात उतरतो. बॉयलरच्या पाण्यातला चुना कवच धरू नये म्हणून साखर कारखान्यांत टाकतात तो क्षार हाच.

या टिकाऊपणाचा उजेडही घरोघर पडून गेला आहे. सीएफएल दिव्याच्या नळीत आतून दिलेल्या पांढऱ्या लेपात हिरवा प्रकाश देणारा घटक बहुधा सेरियम आणि टर्बियम मिसळलेला लँथॅनम फॉस्फेट असे. पाऱ्याच्या बाष्पाची अतिनील किरणे सेरियम शोषतो, ऊर्जा टर्बियमला देतो आणि टर्बियम हिरवा प्रकाश फेकतो. एलईडी आल्यावर हा वापर ओसरला.

औषधातला उपयोग अधिक जिव्हाळ्याचा. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तात फॉस्फेट साचतो, हाडे ठिसूळ होतात, रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचे थर बसतात. डायलिसिसने तो पुरेसा निघत नाही. लेखकाच्या घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीला लँथॅनम कार्बोनेटच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा वर्गातला तो साका घरच्या ताटापाशी आला. गोळी जेवणासोबत किंवा जेवण होताच, नीट चावून खायची. जठरातल्या आम्लात ती विरघळते, डाळ, दूध, शेंगदाणे यांतून आलेला फॉस्फेट धरते आणि अविद्राव्य होऊन शौचावाटे जाते. रक्तात लँथॅनम अत्यल्पच शिरतो. गोळी अख्खी गिळली किंवा उपाशीपोटी घेतली, तर ती पकडणार कशाला? घरच्यांना हे एकदा समजावून सांगितले की पथ्य आपोआप पाळले जाते. अमेरिकेत या औषधाला 2004 मध्ये मान्यता मिळाली.

तलावाच्या पाण्यातही हीच पकड वापरतात. लँथॅनम भरलेली बेंटोनाइट माती ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेने 1990 च्या दशकात विकसित केली. ती पाण्यावर पसरली की खाली बसताना फॉस्फेट ओढून घेते आणि शेवाळाचे खाद्य तुटते. इंदापूर तालुक्यातील भिगवणला उजनीच्या फुगवट्याकाठी उभे राहिले की तिची आठवण होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून इथवर येते; काठावर हिरवी साय धरते, जलपर्णी माजते. काठचे गाळलेले पाणी बाटलीत घेऊन मॉलिब्डेटची चाचणी केली तर निळा रंग चढतो; त्याच पाण्यात आधी लँथॅनम क्लोराइडचे थेंब टाकून साका गाळून घेतला तर रंग जेमतेम उमटतो.

बाटलीत जमते ते धरणात मात्र जमणार नाही. एक किलो फॉस्फरस बांधायला साडेचार किलो लँथॅनम लागतो. मातीत तो पाच टक्के धरला तर 90 किलो माती झाली. उजनीची पूर्ण क्षमता सुमारे 117 टीएमसी, म्हणजे 330 कोटी घनमीटरांहून जास्त. लिटरमागे फॉस्फरस अवघा 0.1 मिलिग्रॅम मानला तरी सुमारे 30,000 टन माती लागेल, आणि पुढच्या पावसाळ्यात नदी नवा फॉस्फेट घेऊन येईल. शिवाय पाण्यातील कार्बोनेट आणि कुजलेल्या वनस्पतींची द्रव्येही लँथॅनमशी बांधली जातात, त्यामुळे प्रत्यक्षात माती जास्तच लागते. एवढ्या खर्चात वरच्या शहरांचे सांडपाणी फॉस्फेट काढूनच नदीत सोडणे कितीतरी शहाणपणाचे. लँथॅनमची माती शोभते ती बाहेरचे पाणी न येणाऱ्या बंदिस्त तळ्याला. तिथेही आधी पाण्याचा सामू आणि क्षारता तपासावी लागते, कारण मृदू पाण्यात मोकळा राहिलेला लँथॅनम बारीक जलचरांना बाधतो.