धर्माचा रकाना

मी मेजर असतानाची गोष्ट. कंपनी उंचावरच्या चौक्यांवर चढणार होती. त्याआधी प्रत्येकाचे कागद तपासायचे असतात: वारस कोण, विम्यावर नाव कुणाचं, निरोप कुणाला द्यायचा. झारखंडमधल्या खुंटीकडचा एक मुंडा जवान सही करून झाली तरी हलेना.

"साहब, धर्म में हिंदू लिखा है. हम सरना हैं."

भरतीच्या वेळी बाबूनं लिहिलं, यानं सही केली. मंदिर परेडला तो सगळ्यांबरोबर उभा असायचा. मला कधी शंकाही आली नव्हती. आता बदलायला महिने जातील, मी म्हटलं, आणि फरक काय पडतो?

"कुछ हो गया तो पंडितजी अस्थि गंगा में भेज देंगे. हमारी हड्डी ससनदिरी के नीचे जाती है."

ससनदिरी म्हणजे गावातल्या त्यांच्या कुळाच्या सपाट शिळा. पूर्वज तिथेच, त्या दगडांखाली.

मी गप्प झालो. फौजेत पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आहेत, लडाखींसाठी बौद्ध भिक्खूही. सरनांचा पाहान नाही. 2011 च्या जनगणनेत जैन साधारण 44 लाख, त्यांना स्वतःचा रकाना. 'सरना' असं लिहिणारे 49 लाखांहून जास्त, ते 'इतर' मध्ये. पारशी जेमतेम 57 हजार, तरी 1993 पासून अधिसूचित अल्पसंख्य. (पारशांबद्दल तक्रार नाही, माणेकशा आमचेच!) झारखंड विधानसभेनं नोव्हेंबर 2020 मध्ये स्वतंत्र सरना कोडचा ठराव केला, पण जनगणना केंद्राच्या हातात. मेसमध्ये हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "अरे, ते आपलेच." असतील. पण ते त्यांनी सांगायचं, आपण नाही. कलम 25 त्या जवानालाही तेवढंच लागू आहे.

त्या दिवशी एका कोऱ्या कागदावर त्याच्याच शब्दांत त्याची इच्छा लिहून घेतली, खाली माझी सही केली आणि लिफाफा तिजोरीत ठेवला. नियमात बसतं का, हे कुणाला विचारलं नाही.

तो खाली उतरला, चेहरा बर्फानं काळवंडलेला, पण धडधाकट. मी लिफाफा परत द्यायला काढला.

"रहने दीजिए, साहब. फिर ऊपर जाना है."

चार्ज देताना तो लिफाफा पुढच्या कंपनी कमांडरच्या हातात ठेवला. रकान्यात अजूनही 'हिंदू'च होतं.