कूतचा किल्ला

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या मोहल्ल्यातली निम्मी पोरं पलीकडच्या आळीत पडीक असायची. दगड-विटा रचायच्या, वर भिजवलेली पोती टाकायची, तांबड्या मातीचा चिखल थापायचा आणि अळीव पेरायचे. मला बुरूज चांगला जमायचा. ‘बुरूज तुझ्याकडे’ असं सगळे गृहीतच धरत. पुढे बीएड झालं, नोकरी लागली, उर्दू आणि मराठी असे दोन विषय शिकवता शिकवता चाळिशीही उलटली, पण हातांची ती खोड गेली नाही. फरक इतकाच की आता माझं किल्ल्याचं काम बाराही महिने चालतं, गच्चीवरच्या खोलीत. आणि हा किल्ला सह्याद्रीतला नाही, इराकमधला आहे. तैग्रिस नदीच्या एका वळणात वसलेल्या कूत गावाच्या टोकाला मातीच्या भिंतींचा एक किल्ला होता, तो.

या छंदाला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात. मोठ्या टेबलावर भूप्रदेश उभा करायचा, त्यावर बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक मांडायचे आणि लढाई खेळायची. बुद्धिबळासारखी घरं नसतात. कोण किती चालला हे टेपने मोजायचं, गोळी लागली की नाही हे फाशावर ठरवायचं. ‘टाइम मशीन’वाले एच. जी. वेल्स या खेळाचे मोठे शौकीन. त्यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तकच लिहिलं. ते स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडी तुकडे उडवून समोरचे शिसाचे शिपाई पाडायचे. मोकळं मैदान, घोडदळाची दौड, पायदळाच्या रांगा असा सगळा थाट. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं आणि काही महिन्यांत खऱ्या फौजा जमिनीत शिरल्या.

खंदकाची लढाई खेळायला अवघड, मांडायला त्याहून अवघड. साधी अडचण बघा, टेबल खणता येत नाही. मग दोनच वाटा उरतात. एक, टेबलावर दोन इंच जाडीचं थर्माकोल अंथरायचं, तीच जमीन मानायची आणि तिच्यात खंदक कोरायचा. दुसरी, खंदक जमिनीच्या वर उचलून भिंतींसारखा मांडायचा. ही दुसरी पद्धत पुष्कळांना खोटी वाटते. पण फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला, जिथे मार्च १९१५ मध्ये आपल्याकडच्या मेरठ आणि लाहोर डिव्हिजन लढल्या, तिथे जमिनीत हातभर खाली पाणी लागायचं. त्यामुळे खणण्याऐवजी मातीच्या पोत्यांचे बांध वर रचत. म्हणजे तिथे खोटी पद्धतच खरी.

कूतला कोरावंच लागतं. फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल मी गरम तारेने कापतो. खिडक्या उघड्या ठेवून, कारण त्याचा धूर वाईट. स्प्रेचा रंग थेट मारला तर थर्माकोल विरघळतं, म्हणून आधी फेविकॉलमध्ये बुडवलेला वर्तमानपत्राचा कागद दोन थर चिकटवायचा. खंदक सरळ रेषेत कधीच नसतो. दर काही पावलांवर त्याला काटकोनात वळण द्यायचं, म्हणजे एक गोळा आत पडला तर सगळी रांग मरत नाही, आणि शत्रू आत घुसला तरी त्याला टोकापर्यंत नीट गोळी झाडता येत नाही. पुढच्या भिंतीला आतून एक पायरी, तिच्यावर चढून बंदूक चालवायची. मागच्या बाजूलाही बांध, नाहीतर पाठीमागे फुटलेल्या गोळ्याचे तुकडे पाठीत. हे वाचून कळतं, पण तार हातात धरून ते वळण कापताना जास्त कळतं.

वाळूची पोती एम-सीलची. वळकटी करून तुकडे पाडायचे, ओले असतानाच एकमेकांवर दाबायचे. काटेरी तारेसाठी जळालेल्या मोटरच्या वाइंडिंगची बारीक तार स्क्रूभोवती गुंडाळून काढली. खजुराची खोडं म्हणजे अगरबत्तीच्या काड्यांना गुंडाळलेली सुतळी. रंगाची मात्र पंचाईत होती. आमच्याकडची माती काळी, दिवाळीच्या किल्ल्याची तांबडी, आणि तैग्रिसचा गाळ फिका, पिवळसर राखी. शेवटी बेगमच्या कपाटातली मुलतानी माती वॉल पुट्टीत कालवली. अगदी तोच रंग आला. कपाटातली मुलतानी माती का संपली याची चौकशी घरात अजून चालू आहे.

सैनिकांवरून मामूजान एकदा बोललेच, ‘‘मियाँ, इस उम्र में बुत बनाने लगे?’’ मी हजरत आयेशांच्या बाहुल्यांची हदीस सांगितली. ते हसले आणि चहा मागितला. पण चेहऱ्यांवर डोळे-तोंड मी रंगवत नाही. एकास बहात्तरच्या मापात डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं असतं, त्यावर नाहीतरी काय दिसणार?

आता कूतच का, ते सांगतो.

१९१५ मध्ये बगदादच्या दिशेने जी ब्रिटिश-हिंदी फौज गेली तिचं नाव होतं सहावी पूना डिव्हिजन. नोव्हेंबरमध्ये ती सलमान पाकजवळ, जिथे हजरत सलमान फारसींची मजार आहे, तुर्कांशी लढली आणि जबर नुकसान सोसून कूतपर्यंत मागे आली. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला. तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. आत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या. आणि मराठा पलटणीत तेव्हा नुसते मराठे नसत, दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. साताऱ्याकडची, नगरकडची, घरात आमच्यासारखीच दख्खनी बोलणारी माणसं. आमच्या भागातल्या काही गावांत अजून संगमरवराची एक पाटी दिसते. गावाचं नाव, लढाईवर किती गेले तो आकडा, किती मेले तो आकडा. नावं नाहीत. मी मोटरसायकल थांबवून अशा पाट्या वाचतो. दोन आकड्यांतला फरक काढतो आणि पुढे जातो.

माझ्यासोबत खेळायला आमच्या शाळेतले इतिहासाचे सर येतात. माणूस वाचणारा आणि सरळ. कूतची मोहीम आम्ही दोघांनी मिळून तीन डावांत बसवली. नियम लिहायला घेतले तेव्हा सरांनी दर पलटणीसमोर मनोधैर्याचा आकडा टाकला. पलटणीवर कडाका पडला की फासा टाकायचा. दान त्या आकड्याच्या आत आलं तर पलटण टिकली, वर गेलं तर मागे हटली. दख्खनी मुसलमान कंपन्यांसमोर त्यांनी लिहिलं, उणे एक.

मी विचारलं, ‘‘सर, हे कशाला?’’

‘‘समोर खलिफाची फौज आहे ना. चौदाच्या नोव्हेंबरमध्ये इस्तंबूलहून जिहाद पुकारलाय. आपल्या भाषांत पत्रकं छापून खंदकात टाकत होते. काही लोक पळूनही गेले. खेळात ते कुठेतरी दिसायला नको?’’

त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी तेव्हाही जाणत होतो. आणि ते म्हणत होते त्यातलं काहीच खोटं नव्हतं. जिहादचा पुकारा झाला होता, पत्रकं आली होती, माणसं पळाली होती. पण तो उणे एक माझ्या ओळखीचा आहे. भाड्याने घर बघायला गेलो की तो दारातच भेटतो. भारत-पाकिस्तान सामना असला की स्टाफरूममध्ये माझ्याकडे वळणाऱ्या नजरेत असतो. कुणी काही बोलत नाही. फासा टाकायच्या आधीच वजा झालेला असतो.

हे मी सरांना बोललो नाही. मी एवढंच म्हणालो की २४ डिसेंबरची रात्र बघा. तुर्कांच्या तोफांनी किल्ल्याची भिंत पाडली, त्यांचं पायदळ ईशान्येच्या बुरुजात शिरलं. अंधारात संगिनींनी आणि हातबॉम्बनी त्यांना बाहेर काढलं, त्यात १०३ नंबरची मराठा पलटण होती. किल्ला टिकला. तिथे उणे एक कुठे बसवणार? सरांनी पुस्तक पुन्हा उघडलं, बराच वेळ पानं चाळली. मग पेन्सिलने लिहिलेलं रबराने खोडलं. ‘‘ठीक आहे,’’ म्हणाले, ‘‘पण मग पळाले ते कुठे दाखवायचे?’’

प्रश्न रास्त होता. त्यावर आमचे दोन रविवार गेले.

वेढ्याची हकीकत वाचत गेलो तशी सगळी गोष्ट पिठावर येऊ लागली. शिधा उतरत गेला. गोऱ्या शिपायांनी घोड्याचं मांस खाल्लं, हिंदी शिपायांनी बराच काळ नाकारलं. आमच्या हनफी मजहबात ते मकरूह, आणि मराठ्यांना भीती की गावी कळलं तर जातीबाहेर टाकतील. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानग्या मागवल्या गेल्या, तरी पुष्कळांनी एप्रिलपर्यंत हात लावला नाही. जवाच्या पिठावर आणि रानात उगवेल त्या पाल्यावर राहिले, स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या. म्हणजे उपास हिंदू आणि मुसलमान दोघांनीही सारखाच केला, कारणं वेगळी. मग आम्ही मनोधैर्याचा आकडाच पिठाला बांधला. डावागणिक पीठ घटतं, तसा सगळ्याच पलटणींचा आकडा घसरतो. सरांना हे पटलं. मलाही पटलं, बरंचसं.

पण एखादा शिपाई असा असणारच की ज्याला भूक सोसली असती, मात्र समोरच्या खंदकातून फज्रची अजान ऐकून ज्याच्याने चाप ओढवेना. तो डरपोक नव्हता, बेइमानही नव्हता. त्याला पिठाच्या हिशोबात घालणं म्हणजे त्याचा सवालच पुसून टाकणं. त्याच्यासाठी आमच्याकडे नियम नाही. दोन-तीन करून पाहिले, सगळे पुन्हा उणे एकच्याच जागी जाऊन बसले, म्हणून टाकून दिले.

तिसरी खेळाडू माझी मुलगी, नववीतली. ती नेहमी तुर्क घेते, कारण त्यांच्या तोफा जास्त. डिसेंबरचा डाव तीनदा झाला आणि दोनदा तिने किल्ला घेतला. इतिहासात तो पडला नव्हता याचं तिला काही वाटत नाही. जानेवारीचा डाव पुराचा. तैग्रिसला पाणी आलं आणि दोन्ही बाजूंना पुढचे खंदक सोडावे लागले. त्यासाठी मी खंदकांत बसतील अशा पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापल्यात. हा डाव सगळ्यांना आवडतो, कारण कुणी कुणाला मारत नाही, सगळे आपापलं सामान वाचवत पळतात.

एप्रिलचा डाव सरांच्या डोक्यातून आला. खाली दक्षिणेकडून सुटकेला आलेली फौज पुन्हा पुन्हा आपटत होती, त्या प्रयत्नांत २३ हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. ती फौज टेबलाच्या बाहेर. टेबलावर फक्त विमानं. वेढ्यातल्या फौजेला विमानातून रसद टाकायचा जगातला हा बहुधा पहिलाच प्रकार. पिठाची पोती टाकली, दळायला जात्याची तळीसुद्धा टाकली. काही पोती नदीत गेली, काही तुर्कांकडे. आम्ही ज्वारीचे दाणे हातभर उंचीवरून सोडतो. खंदकांच्या आत पडले ते आपले. वर पंखा चालू ठेवायचा, हा मुलीचा नियम.

पहिल्यांदा हा डाव खेळलो तेव्हा मी आणि सर दाणे सोडत होतो, मोजत होतो, वहीत पलटणींचे आकडे उतरवत होतो. मुलगी समोर हनुवटी टेकवून बसलेली. तिच्या एकाही सैनिकाला हलवायचं कारण नव्हतं. सहाव्या फेरीला ती म्हणाली, ‘‘अब्बा, मी काहीच करत नाहीये आणि जिंकतेय.’’

सर म्हणाले, ‘‘तसंच झालं होतं, बेटा.’’

‘‘मग पुढे काय झालं? कैद्यांचं?’’

सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं. शिपायांतले कितीतरी वाटेतच गेले, कितीतरी रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर. मी तिला हे सांगितलं. तिने विचारलं की त्याचा चौथा डाव का नाही. सर माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. ‘‘त्यात फासा कुणी टाकायचा?’’ मी म्हणालो. तिने थोडा विचार केला आणि मराठा पलटणी एक-एक करून डब्यात ठेवायला लागली. पागोटी एम-सीलची आहेत, उलटं ठेवलं की तुटतात, हे तिला ठाऊक आहे.

आता नदीपलीकडची वस्ती करायची आहे. तिथे ज्येष्ठमधाचा कारखाना होता आणि ११० नंबरची मराठा पलटण वेढा संपेपर्यंत तिथेच अडकून होती. कारखान्याच्या भिंती थर्माकोलच्या होतील. मुलतानी माती यावेळी स्वतःच्या पैशाने आणली आहे, अर्धा किलो.